ऑनलाइन बैठकांसाठी तालुक्याचा स्वतःचा सर्व्हर हवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि. सांगली जिल्ह्यातल्या कितीतरी शाळा, पतसंस्था आणि वाचनालये आजही झूम किंवा गूगल मीटच्या फुकट खात्यावर बैठका उरकतात. झूम ४० मिनिटांनी तुटते. मीटवर तिघे जमले की मर्यादा ६० मिनिटांची. गणिताचा तास ऐन रंगात असताना नवी लिंक ग्रुपवर टाकायची, निम्मी मुले परत येतात, निम्मी येत नाहीत. हे टाळता येते.

जित्सी मीट आणि बिगब्लूबटन ही ऑनलाइन बैठकांची दोन्ही सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहेत, म्हणजे कुणालाही ती घेऊन स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतात. परवान्याचे पैसे नाहीत आणि वेळेची मर्यादाही नाही. साध्या बैठकीला जित्सी पुरते. वर्ग घ्यायचा तर बिगब्लूबटन घ्यावे. २००७ मध्ये कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात ते शिकवण्यासाठीच सुरू झाले. फळा, मतचाचणी, मुलांचे छोटे गट, सगळे त्यात आहे. मूडल हे ऑनलाइन अभ्यासक्रमाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या महाविद्यालयांना तर ते ४.० आवृत्तीपासून आतच मिळते.

जित्सीच्या सार्वजनिक संकेतस्थळावर मात्र विसंबू नये. ऑगस्ट २०२३ पासून तिथे बैठक सुरू करणाऱ्याला गूगल, फेसबुक किंवा गिटहब या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळाच्या खात्याने आत यावे लागते. शिवाय अनेकांच्या बैठकीत चित्र आणि आवाज सर्व्हरपर्यंत कूटबद्ध जातात, पण सर्व्हरवर उलगडतात. पतसंस्थेच्या संचालकांची चर्चा कुणाच्या यंत्रावर उलगडावी, याचा विचार संस्थेनेच करायला हवा. एकट्या संस्थेला स्वतःच्या सर्व्हरचा खर्च जड जाईल. तालुक्यातल्या चार-सहा संस्थांनी मिळून एक सर्व्हर भाड्याने घ्यावा. जित्सीला प्रोसेसरचे ४ कोर व ८ जीबी रॅम एवढ्यावर सुरुवात करता येते, बिगब्लूबटनला निदान ८ कोर व १६ जीबी लागते.

जित्सी बसवताना बहुतेकांचे घोडे अडते ते एकाच ठिकाणी. दोघे बोलत असतात तोवर सगळे छान; तिसरा आला की चित्र काळे आणि आवाज बंद. दोघांचा संवाद थेट एकमेकांशी चालतो, तिसरा येताच तो सर्व्हरवरच्या व्हिडिओब्रिजमधून, म्हणजे सगळ्यांचे चित्र-आवाज एकमेकांना पोचवणाऱ्या भागातून, जाऊ लागतो आणि त्यासाठी यूडीपी १०००० हे पोर्ट, म्हणजे सर्व्हरचे त्या क्रमांकाचे दार, लागते. फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरची नको ती ये-जा अडवणाऱ्या व्यवस्थेत, ते बंद असते, किंवा राउटरमागच्या सर्व्हरला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे बाहेरून ज्यावर पोचता येते तो इंटरनेटवरचा पत्ता, सांगितलेला नसतो. एवढ्यावरून सॉफ्टवेअरला नावे ठेवून संस्था ते काढून टाकतात, याचे फार वाईट वाटते. घरगुती ब्रॉडबँडवर बरेचदा स्वतंत्र सार्वजनिक पत्ताच मिळत नाही, तिथे पोर्ट उघडूनही उपयोग नाही. म्हणून सर्व्हर डेटा सेंटरमधलाच घ्यावा, मुंबईतला मिळाला तर उत्तम.

जत, आटपाडी, शिराळ्याची मुले मोबाइल डेटावर असतात. ७२० पिक्सेलचे चित्र सेकंदाला सुमारे अडीच मेगाबिट खाते, म्हणजे तासाला एक जीबीहून जास्त. जित्सीच्या कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, रिझोल्यूशन ३६० केले की तोच तास पाव जीबीच्या आसपास येतो. तिथेच ‘स्टार्टव्हिडिओम्यूटेड’ला लहान आकडा दिला, की तेवढ्यांनंतर येणाऱ्यांचा कॅमेरा बंदच राहतो. शिक्षक दिसले आणि फळा वाचता आला की पुरे.

ब्राउझर एचटीटीपीएसशिवाय, म्हणजे संकेतस्थळाशी सुरक्षित जोडणी असल्याशिवाय, कॅमेरा-माइक देत नाही आणि त्या जोडणीला प्रमाणपत्र लागते. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे प्रमाणपत्र फुकट मिळते, पण ९० दिवसांत संपते. ते आपोआप नवे होण्यासाठी ८० क्रमांकाचे पोर्टही उघडे लागते. एचटीटीपीएसचे ४४३ तेवढे उघडे ठेवून ८० बंद केले, तर तीन महिन्यांनी ऐन परीक्षेत सगळे ठप्प होते. खोलीला ‘दहावी’ असले नाव देऊ नये, कुणीही अंदाजाने आत शिरतो. यजमानाला पासवर्ड आणि बाकीच्यांना लॉबी, म्हणजे यजमान आत घेईपर्यंत थांबायची जागा, हे पहिल्याच दिवशी करावे.

बिगब्लूबटनवर रेकॉर्डिंगची मुभा देऊन भागत नाही. वर्गात शिक्षकाने रेकॉर्डिंगचे बटण दाबले नाही, तर नंतर रेकॉर्डिंग आपोआप तयार होत नाही. जित्सीत रेकॉर्डिंगसाठी जिब्री ही वेगळी प्रणाली लागते आणि एक जिब्री एका वेळी एकच बैठक टिपते. तिला वेगळे यंत्र द्यावे, नाहीतर चालू बैठकीचा आवाज तुटू लागतो.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली