टेरी सॅनफर्डचा कर

सातारा

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वर्गाच्या इमारतीचा फोटो पोचला. दारावरचं 'सॅनफर्ड' हे नाव वाचून खाली तू लिहिलंस, "बाबा, हा इथला गव्हर्नर होता म्हणे." आईला वाटलं, म्हणजे राजभवनात फिती कापणारा कुणीतरी. तिला सांगितलं, अगं, अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा मुख्यमंत्रीच समज, मतं मागून आलेला. आपल्याकडे राज्यपाल झालं की कुलपतीपद आपोआप मिळतं. हा माणूस गव्हर्नरपद सरल्यावर तुमच्या ड्यूक विद्यापीठात खरोखर काम करायला गेला, आणि तिथे अध्यक्ष म्हणून १९८५ पर्यंत टिकला.

मी त्याच्याबद्दल वाचायला घेतलं ते मात्र वेगळ्याच कारणानं. १९६१ साली त्यानं नॉर्थ कॅरोलायनात खाद्यपदार्थांची विक्रीकरातली सूट काढली आणि त्यांना ३ टक्के कर लावला. बत्तीस वर्षं विक्रीकर खात्यात काढलेल्या माणसाचे कान टवकारणारच ना! पैसा हवा होता शाळांसाठी. लोक तो कर त्याच्याच नावानं ओळखू लागले. तेव्हा तिथल्या गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नसे आणि विधिमंडळाचा कायदा अडवायचा अधिकारही नव्हता. हातात चारच वर्षं, आणि त्यातलं पहिलंच त्यानं शिव्या खाण्यात घालवलं.

मला हा कर आजही पटत नाही. पिठावरचा कर गरिबाच्या ताटातूनच जास्त जातो, हे आम्ही वसुली करताना पाहिलंय. पण त्यानं शाळांवर भर दिला, राज्यभर कम्युनिटी कॉलेजांची व्यवस्था उभी केली, हुशार मुलांसाठी विन्स्टन-सेलमला उन्हाळी शाळा काढली. पैसा कुठे गेला ते दिसतं. आमच्या वेळी चलन भरल्यावर ते कधी कुणाला दिसलं नाही.

त्याची मुलं राजधानी रॉलीतल्या सरकारी शाळेत जात. तीही कुठली, तर काही महिन्यांपूर्वीच जिथं पहिला काळा मुलगा दाखल झाला होता ती. दक्षिणेतल्या गोऱ्या पुढाऱ्यानं हे करणं साधी गोष्ट नव्हती. १९६३ च्या जानेवारीत दक्षिणेतल्याच अलाबामात नवा गव्हर्नर वॉलेस 'वर्णभेद कायम राहील' अशी शपथ घेत होता आणि चारच दिवसांनी सॅनफर्ड काळ्यांना नोकऱ्यांत डावलू नका म्हणून सांगत होता. भाषणं अनेकांनी केली असतील. मुलाचं दप्तर त्या शाळेत पाठवणं मला जास्त मोठं वाटतं.

ड्यूकला तो आला तेव्हा काळ्या विद्यार्थ्यांनी प्रशासकीय इमारत ताब्यात घेऊन वर्षही उलटून जेमतेम थोडेच दिवस झाले होते. आधीचे अध्यक्ष राजीनामा देऊन गेले होते. १९७० च्या मे महिन्यात केंट स्टेट विद्यापीठात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाल्यावर सगळीकडे विद्यापीठं पेटली, हा मात्र मुलांमध्ये जाऊन बोलत बसला.

आणि १९८४ ची गंमत! बास्केटबॉलच्या सामन्यात पोरांनी पाहुण्या संघाला फार वाह्यातपणे डिवचलं. सॅनफर्डनं दंड केला नाही, सगळ्यांना पत्र लिहिलं आणि खाली सही केली, 'अंकल टेरी'. पुढच्या सामन्याला पोरं डोक्यावर देवदूतांसारखी चकचकीत वलयं घालून आली, आणि पंचाचा निर्णय पटला नाही की शिव्यांऐवजी कोरसमध्ये म्हणायची, "आमचं नम्र मत वेगळं आहे!" तुझ्या आजोबांनी असं पत्र लिहिलं असतं, तर तूही पहिल्या रांगेत बसून हेच केलं असतंस.

नंतर तो अमेरिकेच्या सिनेटवर, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात गेला, १९९२ ला हरला, तेही एकेकाळच्या साथीदाराकडून. त्याचं मला फार अप्रूप नाही.

त्याला तुमच्याच विद्यापीठाच्या चॅपलच्या, म्हणजे प्रार्थनामंदिराच्या तळघरात पुरलंय म्हणे. सवड काढून जाऊन ये. आणि येताना दुकानातून पीठ, दूध काहीतरी घे आणि बिलाचा फोटो पाठव. खाण्याच्या जिनसांवर आता किती कर लावतात ते मला बघायचंय.

तुझे,
बाबा