आधी विचारा, मग वाकायला लावा : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : व्यायाम शिकवणाऱ्यांचं प्राथमिक प्रशिक्षण मराठीतून आणि सक्तीचं व्हावं याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी रोज सकाळी साडेसहाला बायकांचा व्यायामाचा वर्ग घेते. बावीसजणी आहेत. धाकटी 34 वर्षांची, थोरली 71. नवीन बाई आली की पहिल्या दिवशी तिला सतरंजीवर घेत नाही, खुर्चीवर बसवते आणि प्रश्न विचारते. परवाचंच सांगते.

"काकू, काही औषध चालू आहे का?"

"छे गं, काही नाही."

"बीपीची गोळी?"

"ती आहे ना. पण ते औषध कुठं, ती रोजचीच आहे."

"चक्कर वगैरे?"

"उन्हात येते कधी. ती काय सगळ्यांनाच येते."

हे एवढं बोलणं व्हायला पाच मिनिटं लागली, आणि त्या पाच मिनिटांत त्या काकूंचा पुढच्या दोन महिन्यांचा व्यायाम बदलला. बीपीच्या काही गोळ्या नाडीचा वेग वाढूच देत नाहीत. जिमच्या भिंतीवर लावलेला '220 वजा वय' हा नाडीच्या कमाल वेगाचा हिशेब अशा माणसाला लागू पडत नाही. नाडी शांत दिसते आणि बाई मात्र दमून गेलेली असते. म्हणून आमच्याकडे घड्याळ बघत नाहीत. जागच्या जागी चालता चालता मी एकेकीला नाव घ्यायला लावते. उखाणा सलग म्हणता आला तर वेग बरोबर. नवऱ्याच्या नावापर्यंत पोचेतो दम तुटला, तर वेग कमी. तोच उखाणा सुरात गाता यायला लागला, तर मात्र थोडं वाढवायला हरकत नाही. हसू नका, ही शास्त्रातली मान्य पद्धत आहे. उखाण्याची भर तेवढी माझी.

हे विचारणं मी स्वतःच्या पाठीची किंमत देऊन शिकले. चार वर्षांपूर्वी मीही एका जिममध्ये नाव घातलं होतं. ट्रेनर तेवीस-चोवीसचा, अत्यंत सभ्य मुलगा. तिसऱ्याच दिवशी त्यानं मला जमिनीवरची सळई उचलायला लावली. "काकू, मस्त चाललंय, अजून पाच-पाच किलो टाकू," म्हणाला आणि दोन्ही बाजूंना प्लेटा सरकवल्या. दुसऱ्या बाळंतपणापासून माझी कंबर धरते, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. कारण माझ्या लेखी तीही 'रोजचीच' होती. कमरेत काहीतरी कट्कन झालं. पुढचे तीन आठवडे कूस बदलायलासुद्धा माणूस लागत होतं. त्या पोरावर माझा राग नाही. त्याला जे कुणी शिकवलंच नव्हतं, ते तो विचारणार कसा?

बरी झाल्यावर डोक्यात किडा शिरला आणि शनिवार-रविवारचा एक सर्टिफिकेट कोर्स केला. मला वाटलं होतं, डंबेल्स उचलायला शिकवतील. पहिला तास निघाला प्रश्नांचा. 1970 च्या दशकात कॅनडात सात प्रश्नांचा एक कागद तयार झाला, त्याला पार-क्यू म्हणतात. हृदयाचा त्रास डॉक्टरांनी सांगितलाय का, श्रम करताना छातीत दुखतं का, गेल्या महिन्यात बसल्या बसल्या दुखलं का, चक्कर किंवा शुद्ध हरपणं, हाडासांध्याचं दुखणं, बीपीची किंवा हृदयाची गोळी, आणि व्यायाम न करण्याचं आणखी काही कारण. एकाचंही उत्तर 'हो' आलं तर आधी डॉक्टरांना विचारून या. बस. एका पानात मावतो, झेरॉक्सला दोन रुपये लागतात.

त्यानंतर मग कार्यक्रम कसा आखायचा ते. आठवड्यातून कितीदा, किती जोरात, किती वेळ आणि काय. या चारांपैकी एका वेळी एकच वाढवायचं. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस मोठ्यांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणाऱ्या व्यायामाची आहे. पासष्टीच्या पुढे तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम हवा. पण हा आकडा बाईच्या अंगावर फेकून उपयोग नसतो. तिला काय हवंय ते निराळंच असतं. आमच्या 71 वर्षांच्या आजींना सत्यनारायणाला मांडी घालून बसता यावं आणि हात न टेकता उठता यावं, एवढंच हवं होतं. सुरुवात स्वयंपाकघरातल्या स्टुलावर दोन उश्या ठेवून केली. बसायचं, उठायचं, आठ वेळा, उठताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो, म्हणून तोंडानं मोजायचं. मोजणारा माणूस श्वास कोंडू शकत नाही. तीन आठवड्यांनी एक उशी काढली. मग दुसरी. मग स्टूल जाऊन मोडा आला. आता त्या पाटावर आहेत, जमीन अजून चार बोटं लांब आहे. सात महिने लागलेत.

आता उलट बाजू. सकाळी कुठल्याही बागेत जा, पन्नाशी-साठीच्या बायका हिसके देत देत पायाचे अंगठे धरताना दिसतील. हाडं ठिसूळ झालेल्या बाईचा मणका अशा वाकण्यानं दबू शकतो. इन्सुलिन घेणारी बाई उपाशीपोटी येऊन अर्धा तास पळते. तिची साखर खाली येऊ शकते हे शिकवणाऱ्याच्या गावी नसतं (माझ्या पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्या असतात). नवीन मुलाला 'बघू दम किती' म्हणून पहिल्याच दिवशी शेकडो बैठका मारायला लावतात. दोन दिवस पाय दुखले तर ते साहजिक आहे, पण लघवी काळ्या चहासारखी झाली तर स्नायू तुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडापर्यंत गेलंय, तडक दवाखाना गाठायचा. हे वाक्य किती ट्रेनरना माहीत असेल?

आणि हे सगळं या पुण्यात. इथं 1924 साली महाराष्ट्रीय मंडळ सुरू झालं आणि शारीरिक शिक्षण ही शाळेत शिकण्याची गोष्ट आहे हे लोकांना पटलं. 1937 मध्ये योगगुरू बी. के. एस. अय्यंगार इथं आले आणि दोर, विटा, खुर्च्या वापरून आसन माणसाच्या मापाचं करायला शिकवलं. तालमीतला वस्तादसुद्धा नव्या पोराला पहिल्या दिवशी कुस्तीला सोडत नाही. माती उकरायला लावतो, त्यात त्याचा दम, खांदा, कंबर सगळं त्याला दिसतं. तो कागद भरून घेत नसेल, पण बघतो. हे बघणंच आमच्या काचेच्या, एसी जिममध्ये येता येता वाटेत सांडलं.

साहेब, आता मुख्य गोष्ट. आमच्या कोर्सला धायरीचा एक पोरगा होता, तालमीत वाढलेला. पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकणं बायकांना समजावताना मी महिनाभर धडपडत होते. तो म्हणाला, "ताई, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या आहेत आणि मागचं दार ढुंगणानं लोटायचंय. तसं सांगा की." दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं. बावीसपैकी एकोणीस जणींना पहिल्या झटक्यात जमलं. असा हा पोरगा लेखी परीक्षेत नापास झाला, दोनदा. पेपर इंग्रजीत. स्नायू आखडत काम करतो त्याला काय म्हणतात आणि लांबत काम करतो त्याला काय, यात त्यानं दोन शब्दांची अदलाबदल केली. अंगानं त्याला दोन्ही माहीत होतं. मी मात्र पास झाले, कारण बँकेत नोकरी केल्यामुळे मला इंग्रजीत गोल भरता येतात.

केंद्राच्या कौशल्य व्यवस्थेत फिटनेस ट्रेनरची पात्रता ठरवून दिलेली आहे, हे मला ठाऊक आहे. योगशिक्षकांसाठी आयुष मंत्रालयाचं प्रमाणन मंडळ आहे, फिजिओथेरपिस्टना राज्याची परिषद आहे. पण सळईवर प्लेटा चढवणाऱ्यानं यातलं काहीही केलेलं नसलं तरी कुणी हटकत नाही. जिमला शॉप ॲक्टचा कागद लागतो, आत शिकवणाऱ्याला कसलाच नाही. 29 ऑगस्ट 2019 ला 'फिट इंडिया' मोहीम सुरू झाली, बागांमध्ये हिरवी-पिवळी यंत्रंही बसली. छान झालं. त्या यंत्रांवर पाय कसा आणि किती झुलवायचा हे सांगणारं मात्र तिथं कुणी नसतं, आणि पाटी असलीच तर तिचा रंग उडालेला असतो.

मला इन्स्पेक्टर नकोत. इन्स्पेक्टर आले की काय होतं ते आपण दोघंही जाणतो. जिल्हा आणि तालुका क्रीडा संकुलांत तीन महिन्यांचा प्राथमिक वर्ग मराठीतून चालवा, सकाळ-संध्याकाळच्या बॅच सांभाळून, दुपारी. निम्मे गुण प्रात्यक्षिकाला ठेवा, आणि परीक्षेला समोर जिममधला पिळदार मॉडेल नको, साठ वर्षांची खरी बाई बसवा. तिला विचार, तपास आणि आठवड्याचा कार्यक्रम आखून दे, असं सांगा. हृदय बंद पडलं तर छाती कशी दाबायची ते पुतळ्यावर शिकवा. मिनिटाला 100 ते 120 वेळा, निदान पाच सेंटीमीटर खोल. हृदय बंद पडल्यावर कुणी छाती दाबली नाही, तर विजेचा शॉक द्यायला उशीर होईल तसतशी वाचण्याची शक्यता दर मिनिटाला 7 ते 10 टक्क्यांनी घटते, आणि आमच्या सिंहगड रस्त्यावरून संध्याकाळी सातला रुग्णवाहिका किती मिनिटांत येईल, हे पुण्यात मुक्काम केलेल्या मंत्र्यांना मी सांगायला नको. मग ज्याच्याकडे हा कागद आहे त्याचंच नाव जिमच्या दारावर, शॉप ॲक्टच्या शेजारी. आधीपासून शिकवत असलेल्यांना दोन वर्षांची मुदत द्या, फी परवडेल अशी ठेवा. जिमवाले ओरडतील की खर्च वाढेल. वाढेल थोडा. माझ्या एका एमआरआयमध्ये असे तीन-चार ट्रेनर शिकून निघाले असते.

हे कौशल्य विकासाचं काम आहे असा शेरा मारून फाईल तिकडे जाऊ नये, एवढी विनंती. दोन्ही खाती मुंबईतच आहेत.

धायरीच्या पोराचं सांगायचं राहिलं. तो आता एका जिममध्ये पहाटे पाचची बॅच घेतो. मालकानं सर्टिफिकेट विचारलं नाही, दंड बघून ठेवून घेतलं. मी पार-क्यूचं मराठी करून दिलं होतं, त्याच्या तीस झेरॉक्स त्यानं स्वतःच्या पैशानं काढल्या. मालक म्हणाला, "छातीत दुखतं का विचारलं तर गिऱ्हाईक घाबरून पळेल." कागद काउंटरच्या खणात पडून आहेत. पोरगा तेच प्रश्न आता वॉर्मअप घेता घेता, गप्पा मारल्यासारखे विचारतो.

आपली,
सिंहगड रस्त्यावरच्या सकाळच्या बॅचची बाई
पुणे