शुद्ध कडकनाथसाठी चार आठवड्यांची सबुरी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून आमच्या इंदूरकडे राऊ-महूच्या बाजूला थोडीफार जमीन असलेल्या माझ्या ओळखीच्या चार-पाच घरांत हा काळा पक्षी हौसेने पाळला जाऊ लागला आहे. ‘शुद्ध कडकनाथ’ म्हणून पिल्ले आणि उबवणीची अंडी विकणारेही पुष्कळ भेटतात. मात्र दुसऱ्या जातीच्या कोंबड्यापासून माद्या वेगळ्या केल्यावर अंडी किती दिवसांनी धरावीत, याविषयी विकणारे आणि घेणारे दोघेही बेफिकीर असतात. मीही तसाच होतो, म्हणून हे पत्र.

माझ्याकडे कडकनाथच्या नऊ माद्या आणि एक नर आहे. त्यांच्यातच एक तांबडा गावठी कोंबडा मोकळा फिरत असे. पैदास शुद्ध हवी म्हणून गेल्या वर्षी मी त्या तांबड्याला एका सोमवारी दुसऱ्या खुराड्यात हलवले, आठवडाभर अंडी गोळा केली आणि पुढच्या सोमवारी बावीस अंडी दोन खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) गावठी कोंबड्यांखाली बसवली. (कडकनाथची मादी क्वचितच खुडूक होते, त्यामुळे हे काम गावठीवरच पडते.) एकविसाव्या दिवशी सतरा पिल्ले निघाली. सगळीच काळसर दिसत असल्यामुळे मी निश्चिंत झालो. दीड महिन्याने आमच्या राखणदाराने, जो मूळचा झाबुआकडचा असून या पक्ष्याला ‘कालामासी’च म्हणतो, त्यांतले एक पिल्लू उचलले, अंगठ्याने त्याची चोच उघडली आणि काही न बोलता माझ्यापुढे धरले. जीभ काळी नव्हे, गुलाबी होती. तशी एकूण पाच पिल्ले निघाली. त्यांच्या पायांच्या नळ्या फिकट होत्या आणि दोघांच्या मानेवर तांबूस पिसेही डोकावू लागली होती.

चूक माझ्या हिशेबात होती. नर दूर केला म्हणजे त्याचा अंश त्याच दिवशी संपत नाही. मादीच्या अंडनलिकेत, गर्भाशय आणि योनिमार्ग यांच्या सांध्यापाशी अतिसूक्ष्म नलिका असतात. त्यांत नराचे शुक्राणू साठून राहतात आणि तेथून थोडे थोडे वर सरकत रोजच्या नव्या बलकाला फळवत राहतात. त्यामुळे एकदा संग झालेली कोंबडी साधारण दोन आठवडे, कित्येकदा तीन आणि क्वचित त्याहूनही अधिक दिवस फलित अंडी देऊ शकते. नवा नर सोडला की त्याच्या ताज्या शुक्राणूंची सरशी होत जाते हे खरे, परंतु सुरुवातीच्या दिवसांत दोघांचीही पिल्ले एकाच घाण्यात निघू शकतात. माझ्या सतरांमध्ये नेमके तेच झाले.

म्हणून परका नर हलवल्यावर पूर्ण चार आठवडे उबवणीसाठी अंडी धरू नयेत. ती खावीत किंवा खाण्यासाठी विकावीत, त्यांत वावगे काही नाही. या काळात शुद्ध नर माद्यांबरोबरच ठेवला तरी चालतो, आठ-दहा माद्यांमागे एक पुरतो. उलट सुरुवातीपासून वेगळ्या वाढवलेल्या आणि परक्या कोंबड्याचे तोंडही न पाहिलेल्या तलंगांसाठी (तरुण माद्यांसाठी) थांबण्याचे कारणच नाही. मात्र चार-पाच महिन्यांचा, नुकता आरवू लागलेला नर कळपात राहून गेला तर सगळी मोजणी पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू करावी लागते. अशा पोरसवदा नराकडे कोणी लक्ष देत नाही, आणि हाच घात करतो.

एक समज येथे खोडून काढला पाहिजे. गावठी कोंबडा एकदा चढला की मादी कायमची बाटते, असे सांगून चांगल्या माद्या कवडीमोलाने विकणारे मी पाहिले आहेत. तसे मुळीच होत नाही. साठा संपला की पुढची पिल्ले नव्या नराचीच. याउलट मादी स्वतःच संकरित असेल, तर चार आठवडे काय आणि चार महिने काय, शुद्ध पिल्लू मिळणार नाही. शिवाय काळेपणाचा गुण प्रभावी असल्याने संकरित पिल्लूही बऱ्यापैकी काळे दिसते, आणि सोनेरी झाक असलेला कडकनाथही असतो. तेव्हा पिसांवर न जाता जीभ, तुरा आणि नळ्या पाहाव्यात. यांपैकी एखादे अंग गुलाबी किंवा पांढुरके दिसले की विकत घेण्याआधी थांबावे.

विक्रेत्यांना माझी विनंती एवढीच आहे की अंडी किंवा पिल्ले देताना पावतीवर दोन तारखा लिहाव्यात: परका नर कधी हलवला आणि अंडी धरायला कधी सुरुवात केली. माझी ती पाच पिल्ले आता मोठी झाली आहेत. मी ती शेजाऱ्यांना गावठी म्हणूनच दिली.

आपला,
एक वाचक, सुदामानगर, इंदूर