रब्बी पाणी मागणी: रविवारच्या बैठकीला हिशेब करूनच या

सर्व सभासद शेतकरी बंधू-भगिनींनो,

रब्बी आवर्तनाची (कालव्याच्या पाण्याच्या पाळ्यांची) मागणी ठरवण्यासाठी येत्या रविवारी सकाळी ९ वाजता आपल्या पाणीवापर संस्थेच्या कार्यालयात बैठक आहे. संस्थेला पाणी घनमीटरवर मोजून मिळतं, त्यामुळे "गेल्या वर्षीइतकंच लिहा" हे यंदा चालणार नाही.

हिशेब अवघड नाही. बाष्पीभवन पात्रातून (वाफ होऊन किती पाणी उडतं ते मोजायचं उघडं भांडं) दिवसाला ५ मिमी पाणी उडत असेल तर त्याला ०.७ ने गुणा, कारण शेतातून पात्राइतकं पाणी उडत नाही; ३.५ आले. मग त्याला पिकाच्या गुणांकाने गुणा, म्हणजे पीक त्या वाढीला किती पाणी घेतं त्या आकड्याने. ऐन भरातल्या गव्हाचा साधारण १.१५, म्हणजे रोज सुमारे ४ मिमी. एकरी १ मिमी म्हणजे ४ हजार लिटर, तेव्हा एकरी रोजची गरज १६ हजार लिटर. रोप लहान असताना गुणांक बराच कमी असतो, तिथे उगाच जास्त मागू नका. चाऱ्यांतून (शेतापर्यंत पाणी आणणाऱ्या पाटांतून) झिरपणारं पाणी समिती वेगळं धरेल, ते तुम्ही मिळवू नका.

येताना आणा:
- सातबारा, आणि पीकनिहाय क्षेत्र (गुंठ्यांसह)
- पेरणीची तारीख. गव्हाला २१व्या दिवशीचं पाणी चुकवून चालत नाही, पाळी त्यावरच लावायची आहे
- जमीन भारी की हलकी
- विहीर, ठिबक असल्यास तसं स्पष्ट

हरभरेवाल्यांनी गव्हाच्या बरोबरीने पाळ्या मागू नयेत. जास्त पाण्याने तो नुसता माजतो, घाटे धरत नाही.

पाणी मागणीचे नमुना नं. ७ चे अर्ज तिथेच भरून घेऊ. थकबाकीदारांनी आधी पाणीपट्टी भरावी.

– सचिव