गिअरबॉक्सशी खोटे बोलल्याबद्दल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. पत्रास कारण की, डिझेल इंजिनाची ताकद वाढवायला मी गाडीत जी पेटी बसवली, ती ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खाईल असे तू बजावले होतेस, ते तंतोतंत खरे ठरले आहे आणि हे कबूल करायला तुझ्याखेरीज माणूस नाही. घरी सांगावे, तर "गाडी चालते आहे ना?" एवढेच विचारतात. गाडी चालते आहे, हीच तर पंचाईत आहे. दीड वर्ष मी एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल तू काय म्हणशील ते मला पाठ आहे, म्हणून ते राहू दे. प्रकृती ठीक, गुडघा पूर्वीसारखाच.

गेल्या महिन्यात मागे ट्रेलर जोडून लांब चढ चढत होतो. वरचा गिअर पडलेला, लॉक-अप (इंजिन गिअरबॉक्सला थेट जोडणारा क्लच) लागलेला, वेग ताशी 60 आणि इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा 1,900 वर स्थिर. अ‍ॅक्सिलरेटर जरासा दाबला आणि काटा 2,200 वर गेला. वेग मात्र जागचा हलला नाही. धक्का नाही, आवाज नाही, पायाखाली नुसती बारीक थरथर, ती मी रस्त्याच्या नावावर खपवली. तू शेजारी असतास तर एक शब्दही न बोलता खिडकीबाहेर बघत बसला असतास, आणि ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागले असते. वर पोचल्यावर गिअरबॉक्सची डिपस्टिक (ऑइल बघायची पट्टी) काढली. लाल असायला हवे ते ऑइल तपकिरी झाले होते आणि त्याला करपल्याचा वास येत होता.

त्या रात्री झोप लागली नाही, तेव्हा कुठे तुझे म्हणणे नीट समजले. ती पेटी रेल प्रेशरच्या, म्हणजे डिझेलच्या दाबाच्या, सेन्सरचा आकडा कमी करून ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, दाखवते. ईसीयू बिचारा दाब कमी पडला असे समजून तो वाढवतो आणि डिझेल जास्त जाते. इथवर मलाही ठाऊक होते. मात्र ईसीयूच्या हिशेबात टॉर्क (इंजिनाचा पिळण्याचा जोर) पूर्वीइतकाच राहतो, तोच जुना आकडा तो गिअरबॉक्सच्या कंट्रोलरला कळवतो आणि गिअरबॉक्स त्या आकड्याला पुरेल एवढेच लाइन प्रेशर (ऑइलचा दाब) आतल्या क्लचवर धरून बसतो. 400 न्यूटन-मीटर येणार म्हणून पकड धरावी आणि प्रत्यक्षात 480 यावेत, असा तो प्रकार. कारखान्याने थोडी राखीव पकड ठेवलेली असते, ती मी मागे वजन लावून चढावर उडवून टाकली. क्लचच्या प्लेटा एकदा सरकू लागल्या की त्या तापतात, ऑइल करपते, करपलेल्या ऑइलमुळे पकड आणखी सुटते आणि पुढचे चक्र आपोआप फिरते. मी इंजिनाला फसवतो आहे असे समजत होतो. फसला तो गिअरबॉक्स.

पॉवर तळाशी नको, वरच्या फेऱ्यांत घे, हे तुझे दुसरे म्हणणेही आता पटले, पण ते मी स्वतः गणित मांडून पटवून घेतले, तू म्हणालास म्हणून नव्हे. मिनिटाला 2,000 फेऱ्यांना 400 न्यूटन-मीटर म्हणजे सुमारे 84 किलोवॉट. तेच 400 जर 3,000 फेऱ्यांपर्यंत टिकवले तर 126 किलोवॉट होतात आणि क्लचवर एका न्यूटन-मीटरचाही जादा भार पडत नाही. पॉवर हवी तर ती वरच्या फेऱ्यांत घ्यावी. मी मात्र सगळी तळाशी ओतली, जिथे जागेवरून निघताना टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) आधीच टॉर्क दुपटीच्या आसपास नेतो. हॉस्टेलच्या मोटारसायकलचा जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोलचे छिद्र) मी मोठा केला होता तेव्हाही तू हेच म्हणाला होतास. (तेव्हा गेलेला प्लग मुळातच सदोष होता. यावर मी माघार घेणार नाही.)

पेटी काढून टाकली आहे. पुढे करायचेच झाले तर रीमॅप करीन, म्हणजे ईसीयूचाच प्रोग्राम बदलीन, आणि तोही असा की ईसीयूच्या टॉर्कच्या हिशेबात खरा आकडा दिसेल. खालच्या दोन गिअरांत टॉर्कला लगाम राहील आणि गिअर बदलताना इंजिन क्षणभर जे नमते घेते, त्याला हात लावायचा नाही. तात्या म्हणतात, लाइन प्रेशरच भरपूर वाढव, प्रश्नच मिटेल. त्यांना म्हटले, मग प्रत्येक गिअर हातोड्यासारखा पडेल आणि प्लेटा वाचल्या तरी आतले दुसरे काहीतरी फुटेल. ते रागावले आहेत. हवेवर थंड होणारा वेगळा ऑइल कूलर आणि ऑइलच्या तापमानाचा काटा मात्र आधी बसणार. तो काटा पहिल्या दिवसापासून असता, तर हे पत्र लिहावे लागले नसते.

आता खरी काळजी. गिअरबॉक्सच्या तळाचा ऑइलचा पॅन उघडला. चुंबकावर राखाडी, मलमासारखा थर होता. तेवढा चालतो, हे तूच शिकवलेस. पण पॅनच्या कोपऱ्यात काळा चुरा निघाला, बोटांत चोळला तर खरखरीत. तो कन्व्हर्टरमधल्या लॉक-अपच्या अस्तराचा असेल, तर कन्व्हर्टर बदलून भागेल. पण तो चुरा ऑइलबरोबर व्हॉल्व्ह बॉडीत (ऑइल वळवणाऱ्या झडपांच्या ठोकळ्यात) आणि जुन्या कूलरमध्येही गेला असणार आणि नवा कन्व्हर्टर तीच घाण पिऊन बसेल. पूर्ण गिअरबॉक्स उघडावा, तर बाकीच्या प्लेटा चांगल्या निघाल्यास उगाच उघडल्यासारखे होईल. नुसते ऑइल बदलावे, तर पॅनमधून निम्मेही निघत नाही, बाकीचे कन्व्हर्टरमध्येच राहते. तीन दिवस हेच तीन विचार आलटून पालटून येत आहेत. तू असतास तर काय उघडले असतेस?

नव्या नोकरीबद्दल उशिरा अभिनंदन. वहिनींना नमस्कार, मुलीची परीक्षा चांगली गेली असेलच.

कळावे, लोभ असावा.

तुझाच,
पेटीवाला

ता. क. जुने ऑइल बाटलीत भरून ठेवले आहे. येशील तेव्हा तूच वास घे. माझ्या नाकाला हल्ली सगळेच करपलेले वाटते.