अकरा एमबीचं पान आणि माझे ७२ तास

ऑक्टोबर २०२२

मा. मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी घाटंजी तालुक्यातला साडेचार एकरांचा शेतकरी. परतीच्या पावसात माझी कापून ठेवलेली सोयाबीनची सुडी भिजली. पीक विम्याच्या नियमानं नुकसानीची खबर ७२ तासांत द्यावी लागते. ‘आता कचेरीच्या पायऱ्या झिजवू नका, सगळं मोबाईलवर होईल,’ असं तुमच्याच माणसांनी गावात येऊन सांगितलं होतं.

आमच्याकडे रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी. तिथं उभं राहून संकेतस्थळ उघडलं. पांढरा पडदा, मधोमध फिरणारं चक्र. चार मिनिटांनी तुमचा मोठा फोटो उतरला, मग दुसरा, मग तिसरा. अर्जाचं बटण सगळ्यात शेवटी. नाव, गट नंबर, पेरा, सगळं भरलं. सुडीचा फोटो जोडायला गॅलरीत गेलो न् परत आलो, तर पान पुन्हा पहिल्यापासून, अर्ज कोरा. दोन जीबी रॅमच्या फोनला एवढं ओझं पेलत नाही, तो मागचं पान टाकून देतो. सात वेळा असंच झालं. मग दिवसाचा डेटा संपला.

भाच्यानं पुण्यात ते पान संगणकावर मोजलं: ११ एमबी! अर्जाचा मजकूर त्यात ४० केबीसुद्धा नाही. बाकी फोटो, फॉन्ट आणि जावास्क्रिप्ट, म्हणजे पान हलतं-चालतं करणाऱ्या संगणकी सूचना. ही जावास्क्रिप्ट नुसती उतरवून भागत नाही, फोनला ती वाचून चालवावीही लागते. स्वस्त फोन तिथंच गोठतो. आणि आम्हाला अट काय, तर फोटो १०० केबीच्या आत द्या. वजनाचा नियम फक्त शेतकऱ्यालाच का?

१९९१ साली जगातलं पहिलं संकेतस्थळ निघालं, ते नुसत्या अक्षरांचं होतं. तसं पान आमच्या टाकीपाशी आजही चटकन उघडेल. पण तुमच्या कारभारात मोटारीला लाइट रात्री येते, खरेदी केंद्र व्यापाऱ्यानं माल उचलल्यावर उघडतं, आणि संकेतस्थळ मुंबईच्या वायफायवर तपासलं जातं. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा सेवा मुदतीत द्या म्हणतो. अर्जच दाखल झाला नाही, तर मुदत मोजायची कुठून?

पानावरचे तुमचे फोटो काढून टाका. अर्ज एका साध्या पानावर आणा. भरलेलं फोनमध्येच राहू द्या, रेंज आली की जाईल. आणि मंजुरीआधी तुमच्या अधिकाऱ्याला दोन जीबीचा फोन देऊन आमच्या टाकीखाली उभं करा.

माझे ७२ तास मंगळवारी संध्याकाळी संपले. सुडीतल्या शेंगांना कोंब फुटलेत.

आपला,
एक सोयाबीन उत्पादक,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ