सोमवारचा तक्ता

चि. अनघा,
अनेक आशीर्वाद.

फाउंडरने कणखर असावं, हे तुला सगळेच ऐकवतील. नकार माणूस पचवतो गं. पगाराला तीन दिवस उरलेत आणि खात्यात पैसे नाहीत, हे अचानक कळलं की भलेभले खचतात. तेव्हा आधी ते ‘अचानक’ काढून टाक.

दर सोमवारी अर्धा तास, पुढच्या तेरा आठवड्यांचा तक्ता. आठवड्याला एक रकाना: सुरुवातीची शिल्लक, येणं, देणं, उरलेली शिल्लक. येण्यासमोर बिलावरची मुदत लिहू नकोस. त्या ग्राहकाने मागच्या वेळी जितके दिवस लावले तितके धर. तक्ते फसतात ते इथेच. ‘पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) आलीच समजा’ म्हणणाऱ्याची रक्कम शून्य.

दुसऱ्याचे पैसे शिल्लक म्हणून मोजायचे नाहीत. कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, पीएफ १५, आणि दरमहा विवरणपत्र भरत असशील तर जीएसटी २० तारखेपर्यंत भरायचा. समज, खात्यात ४२ लाख आहेत आणि त्यातले ६ लाख या तिघांचे. उरले ३६. महिन्याला ९ लाख जातात, ३ येतात, म्हणजे हातात ६ महिने. वजाबाकी विसरलीस तर ७ दिसतील, आणि पगार अडकतो तो त्या सातव्या महिन्यात. शिवाय जीएसटी बिल फाडलं की लागतो, पैसे येईपर्यंत थांबत नाही. १८ टक्के दराने १० लाखांच्या बिलावर १,८०,००० रुपये. इनपुट क्रेडिट, म्हणजे आपण खरेदीवर आधीच भरलेला जीएसटी, वजा जाता उरेल ते खिशातून. महिनाअखेरीला विक्रीचा आकडा फुगवायला घाईने बिलं फाडणं म्हणजे हौसेने कर्ज काढणं.

सहा महिने ऐकायला बरे वाटतात, पण गुंतवणूकदारांशी बोलणी, ड्यू डिलिजन्स (त्यांनी केलेली कंपनीची कसून तपासणी) आणि करारमदार यांतच ते सहज सरतात. म्हणून शिल्लक बरी असतानाच लिहून ठेव: पाच महिने उरले की ऑफिस लहान, चार उरले की तुम्हा दोघी फाउंडरचे पगार निम्मे. घाबरल्यावर कात्री चालवली की आधी चांगली माणसं जातात.

ग्राहकांकडची उधारी वेळेत यावी म्हणून उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, काम सुरू करण्याआधीच करून घे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग असशील तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे मुदत नाही, करार नसेल तर १५. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज. मुदत टळलेली रक्कम ग्राहकाला आयकरात प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच खर्चात धरता येते. मार्चमध्ये त्यांच्या अकाउंट्सवाल्यांना ही आठवण नम्रपणे करून दे, फाइल हलते. तक्रारीसाठी सरकारी ऑनलाइन पोर्टल आहे, पण तिथे गेलं की तो ग्राहक बहुधा परत येत नाही. ते शेवटी.

स्वतःला थोडा का होईना, दरमहा पगार घे. घरखर्चाचे सहा महिने वेगळ्या खात्यात ठेव आणि मेडिक्लेम कंपनीच्या पॉलिसीवर सोडू नकोस. झोप दोन आठवडे उडाली तर डॉक्टरांकडे जा. १४४१६ ही सरकारी टेलिमानस हेल्पलाइन मोफत आहे, मराठीतही बोलतात.

आणि बँक वैयक्तिक हमीवर सही मागेल. खाजगी मर्यादित कंपनी असली तरी त्या एका सहीने तुझा फ्लॅट वसुलीच्या कक्षेत येतो. हमीची रक्कम मर्यादित करून माग, कर्ज फिटल्यावर हमीमुक्तीचं पत्र लेखी घे. सही करण्याआधी कागद मला पाठव.

तुझी,
आई